बसलेल्याने उठावे, उभ्याने बसावे

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका पतसंस्थेतले कारकून कंबर धरून माझ्या दवाखान्यात आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खुर्चीत बसून काम. मी त्यांना तपासले. मणक्यात मोठे काही बिघडलेले नव्हते. मग नेहमीचा उपदेश केला, "सलग बसू नका, दर अर्ध्या तासाने उठा, वाकून लिहू नका." एवढे बोलून चिठ्ठी देण्यासाठी उठायला गेलो, तर माझाच हात कमरेवर गेला आणि तोंडातून "आई गं" निघाले. कारकून हसले. म्हणाले, "डॉक्टर, तुमचंही दुखणं तेच दिसतंय. तुम्ही कोणाकडे जाता?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान अशी माझी अवस्था होती. तीस वर्षे मी टेबलावर वाकून केसपेपर लिहीत आलो. रात्री घरी गेलो की पुन्हा हिशेब, वाचन आणि असे लेख, म्हणजे आणखी तीन तास खुर्ची. त्या रात्री मी ठरवले, की दवाखान्यातले बसणे पेशंटच्या हाती, पण घरातले तरी बदलायचे.

वाचकहो, बसणे म्हणजे विश्रांती असे आपण समजतो. पाय विश्रांती घेतात हे खरे, पण कमरेला ती मिळतेच असे नाही. आपल्या मणक्यांच्या मधे ज्या लवचीक गाद्या असतात, त्यांच्यावर किती दाब येतो हे स्वीडनमधील डॉक्टर नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात प्रत्यक्ष सुई घालून मोजले. पुढे झुकून बसल्यावर हा दाब सरळ उभे असतानापेक्षा पुष्कळ वाढतो असे त्यांना आढळले. पुढे १९९९ साली जर्मनीत अशीच मोजणी झाली. तीत पाठ टेकून आरामात बसणे फारसे वाईट ठरले नाही, पण वाकून बसणे मात्र पुन्हा दोषी ठरले. म्हणजे गुन्हेगार खुर्ची नव्हे, खुर्चीत बसून तासन्‌तास पुढे झुकणे हा गुन्हेगार.

दुसरी गोष्ट रक्ताभिसरणाची. आपली पोटरी हा एक पंपच आहे. चालताना तिचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. आपण बसून राहिलो की हा पंप बंद. १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तो केला होता. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतर करून तिकिटे फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो असे त्यात दिसले. यातला एक मुद्दा वाचकांनी मनात ठेवावा. तो कंडक्टर नुसता उभा नव्हता, तो हालत होता. या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण तो विसरल्याने माझी फजिती झाली.

उभे राहून लिहिण्याची कल्पना काही नवी नाही. अर्नेस्ट हेमिंग्वे हे प्रसिद्ध अमेरिकन लेखक क्यूबामधल्या आपल्या घरी पुस्तकांच्या कपाटावर टाइपरायटर ठेवून उभ्याने लिहीत. हल्ली बाजारात वीज लावून वरखाली होणारी टेबले मिळतात. पण आमच्या घरात ती ठेवायला जागा नाही आणि त्यांच्या किमती पाहून कंबर अधिकच दुखू लागली. मग विचार केला, की कापडाच्या आणि स्टेशनरीच्या दुकानांत भिंतीवर खाचांच्या लोखंडी पट्ट्या असतात, त्यांत ब्रॅकेट अडकवून फळ्या हव्या तशा वरखाली करतात. तसेच टेबल आपण का करू नये? पाय नाहीत म्हणून जमीन अडत नाही, झाडू-पोछा खालून फिरतो आणि नको तेव्हा काढून ठेवता येते.

पण माणूस उतावळा असतो. खाचांच्या पट्ट्या तालुक्याहून आणाव्या लागणार होत्या. तोवर चालवून घेऊ म्हणून मी आणि आमचे कंपाउंडर, दोघांनी मिळून कोपऱ्यावरच्या दुकानातले साधे काटकोनी ब्रॅकेट आणले. भिंतीत लाकडी गुट्ट्या ठोकल्या आणि जुन्या कपाटाची फळी वर बसवली. दोन दिवस मी त्यावर ऐटीत लिहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कोपर टेकून थोडा रेललो मात्र, आणि फळी, वह्या, चहाचा कप सगळे धाडकन खाली आले. आमची नऊ वर्षांची नात त्या फळीखाली घर-घर खेळत होती. आजीने खाऊला हाक मारली म्हणून ती नुकतीच उठून गेली होती. फळीचा कोपरा तिच्या बाहुलीवर पडला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी भोकात बोट घातले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "डॉक्टर, मांसात द्यायचं इंजेक्शन तुम्ही कातडीतच देता का?"

"म्हणजे?"

"गिलाव्यातच गुट्टी मारलीय तुम्ही. वीट तर अजून आतच आहे."

मिस्त्रींनी मग मला नीट समजावले. फळीचे वजन भिंतीला फक्त खाली ओढत नाही. आपण पुढच्या कडेवर भार दिला की फळी तरफेसारखी वागते आणि वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर उपटू पाहते. ब्रॅकेटचा भिंतीलगतचा भाग जितका आखूड, तितकी ही ओढ जास्त. लांब पट्टी असली की ओढ चार-पाच स्क्रूंमध्ये वाटली जाते. आणि स्क्रू गिलाव्यात नव्हे, विटेत गेला पाहिजे. दोन विटांमधल्या दरजेतही नको, कारण जुन्या घरांच्या दरजा भुसभुशीत असतात. ड्रिलमधून लाल भुगा आला की वीट लागली असे समजावे. पांढरा-करडा भुगा येत राहिला तर जागा बदलावी. कच्च्या विटांच्या, मातीच्या किंवा पोकळ भिंतीवर हा खटाटोप करूच नये.

या वेळी आम्ही जे केले ते सांगतो, म्हणजे कोणाला करायचे असल्यास उपयोगी पडेल.

तीन फूट लांबीच्या खाचांच्या दोन जाड पट्ट्या, त्यांत बसणारे पंधरा इंची दोन ब्रॅकेट आणि पाऊण इंच जाडीचा, तीन फूट लांब व दीड फूट रुंद प्लायवूडचा तुकडा आणला. भिंतीवरच्या स्विचबोर्डाची वायर आणि नळाचा पाइप कुठून गेला आहे ते आधी पाहून घेतले. बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल लावायचे नाही हा मिस्त्रींचा नियम. पट्ट्या एकमेकींपासून दोन फुटांवर ठेवल्या, म्हणजे बसल्यावर गुडघे दोन्ही ब्रॅकेटांच्या मधे मोकळे राहतात. पट्टीचे खालचे टोक जमिनीपासून वीस इंचांवर आले. पहिली पट्टी ओळंबा लावून उभी केली. दुसरीसाठी मिस्त्रींनी पाणी भरलेली प्लॅस्टिकची पारदर्शक नळी काढली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येते, त्या खुणेवर दोन्ही पट्ट्यांची पहिली खाच जुळवली. हे काम घाईने केले तर टेबल कायम एका अंगाला कलते आणि पेन्सिल घरंगळते.

प्लग आणि अडीच इंची स्क्रू, प्रत्येक पट्टीला पाच. फळी ब्रॅकेटांना खालून स्क्रूने पक्की केली, त्यामुळे फळी आणि ब्रॅकेट मिळून एकच वस्तू झाली. ती उचलायची आणि हव्या त्या खाचेत अडकवायची. पुढची कड रंध्याने आणि पॉलिश पेपरने गोल केली, कारण हाताची नस तीक्ष्ण कडेवर दाबली जाऊन बोटांना मुंग्या येऊ शकतात. मागच्या बाजूला छोटी लाकडी पट्टी ठोकली, नाहीतर पेन भिंतीच्या फटीतून खाली पडतात.

एक धोका मिस्त्रींनी दाखवला म्हणून बरे झाले. खाचेतले ब्रॅकेट वजनाने खाली घट्ट बसते, पण खालून धक्का लागला तर निसटू शकते. लहान मूल खालून डोके वर काढते किंवा खुर्चीतून उठताना गुडघा लागतो. म्हणून ब्रॅकेटचा आकडा ज्या खाचेत बसतो, त्याच खाचेत त्याच्या वर उरलेल्या जागेत लाकडाची छोटी पाचर ठोकायची. उंची बदलताना पाचर काढायची, नंतर परत घालायची. पाचर हरवू नये म्हणून ती दोऱ्याने बांधून ठेवली आहे.

सगळे झाल्यावर ज्वारीची दोन पोती, मिळून वीस किलोची, फळीच्या पुढच्या कडेला रात्रभर ठेवली आणि खोलीला बाहेरून कडी लावली. सकाळी पट्ट्या केसभरही हललेल्या नव्हत्या. तेव्हा कुठे मी त्यावर वही ठेवली. तरीसुद्धा फळीवर बसायचे नाही, रेलायचे नाही आणि मुलांनी लोंबकळायचे नाही, हा घरातला कायदा आहे.

आता उंचीचे. ही या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे आणि तिला पैसा लागत नाही. घरात घालता ती चप्पल घालून सरळ उभे राहा. खांदे सैल सोडा. कोपर अंगाशी ठेवून हात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत कोणाकडून तरी माप घ्या. टेबलाचा पृष्ठभाग त्याहून साधारण एक इंच खाली असावा. माझी उंची पाच फूट पाच इंच, कोपर एक्केचाळीस इंचांवर, म्हणून फळी चाळीस इंचांवर. हेच माप खुर्चीत बसून, पाय जमिनीवर पूर्ण टेकवून पुन्हा घ्यायचे. माझे बसण्याचे माप सत्तावीस इंच आले. फळी कमी उंचीवर असली की पाठ वाकते आणि जास्त उंचीवर असली की खांदे कानाकडे चढतात व मान आखडते. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांनी पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी. लॅपटॉप असेल तर तो खोक्यावर ठेवून टाइप करण्यासाठी वेगळा कीबोर्ड जोडावा, नाहीतर कंबर सुटते आणि मान धरते.

टेबल झाले आणि नव्याचे नऊ दिवस सुरू झाले. मी बसायचे नावच घेईना. रोज रात्री सलग तीन तास उभा. दहाव्या दिवशी पावले सुजली, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले आणि घोट्याजवळच्या निळ्या शिरा फुगलेल्या दिसल्या. लंडनचा तो कंडक्टर मी विसरलो होतो. नुसते उभे राहिले तरी पोटरीचा पंप बंदच असतो आणि रक्त पायात साठते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सुमारे सात हजार कामगारांची बारा वर्षांची माहिती तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या कामात मुख्यतः उभे राहावे लागते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण मुख्यतः बसून काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे दुप्पट आढळले. उभ्याने काम केल्यावर वजन उतरते अशीही एक समजूत आहे. बसण्यापेक्षा उभे राहण्यात तासाला जेमतेम नऊ कॅलरी जास्त खर्च होतात. तेवढ्याने अर्धी भाकरीही जिरत नाही.

मग फायदा कशात आहे? बदलण्यात. २०१२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वजन जास्त असलेल्या काही प्रौढांना तासन्‌तास बसवून पाहिले आणि दुसऱ्या वेळी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालायला लावले. चालण्याच्या दिवशी त्यांच्या रक्तातली खाण्यानंतरची साखर कमी चढली. तेव्हापासून मी अर्धा तास बसतो, वीस मिनिटे उभा राहतो आणि मधे दोन-तीन मिनिटे ओसरीत फेऱ्या मारतो. उभा असताना एक पाय चार-पाच इंच उंचीच्या पाटावर ठेवतो आणि थोड्या वेळाने पाय बदलतो. त्याने कमरेवरचा ताण हलका होतो. दीड-दोन महिन्यांत माझी सकाळची कंबरदुखी निम्म्याहून कमी झाली. पूर्ण गेली असे म्हणणार नाही.

गोष्ट इथेच संपली असती. पण एका रविवारी शेजारचे निवृत्त मास्तर आले असता मी त्यांना टेबल दाखवत होतो आणि आपण रोज किती वेळ उभे राहतो हे रंगवून सांगत होतो. आतून सौ. चा आवाज आला, "मास्तर, मी पहाटे साडेपाचपासून उभी आहे. माझीही बातमी छापायला सांगा यांना."

मास्तर हसले. मला हसू आले नाही. तिचा उजवा खांदा तीन-चार वर्षांपासून दुखतो आणि सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते. मी तिला मलम दिले, गोळ्या दिल्या, शेक सांगितला. पण डॉक्टर म्हणून जो पहिला प्रश्न विचारायचा, की काम कसे करतेस, किती वेळ उभी असतेस, तो कधी विचारलाच नाही. त्या दुपारी मी टेप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ओटा पस्तीस इंच उंच. तो गवंड्याने आपल्या अंदाजाने बांधला होता. तिची उंची चार फूट दहा इंच आणि कोपर साडेछत्तीस इंचांवर. भाजी चिरायला, कणीक मळायला पृष्ठभाग कोपराखाली चार-पाच इंच तरी हवा. तिला जेमतेम दीड इंच मिळत होता. शेगडीवरच्या पातेल्याचे काठ तर त्याहून वर. सव्वीस वर्षे ती खांदे उचलून स्वयंपाक करत होती.

आमच्या आईच्या काळी चूल जमिनीवर होती, विळी जमिनीवर होती. तिचे गुडघे गेले. मग ओटे आले, सोय झाली, पण बसून करायची कामेसुद्धा उभ्याने होऊ लागली. ओटा फोडून नवा बांधणे आम्हाला शक्य नव्हते. मिस्त्रींनी ओट्याच्या पूर्ण लांबीची, अडीच इंच उंच आणि दोन फूट रुंद अशी लाकडी बैठी फळी करून दिली. ती पूर्ण लांबीची असल्याने पाय कडेवरून घसरत नाही. आणि संध्याकाळी टेबल खाली येते. सव्वीस इंचांवर ते अडकवले की सौ. खुर्चीत बसून भाजी निवडते, लसूण सोलते, चिरते. त्या वेळेत भांडी मी विसळतो. माझे उभे राहणे त्यात आपोआप होते. तिची टाच आता बरीच बरी आहे, खांदा अजून वेळ घेतो आहे.

पट्टीवर आता तीन रंगांच्या खुणा आहेत. लाल माझी, हिरवी सौ. ची, निळी नातीची. नातीची खूण गेल्या दिवाळीत एक खाच वर सरकली.

शेवटी काही सूचना. पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, उभे राहिल्यावर चक्कर येत असेल, गुडघ्यांचा त्रास असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील, तर उभ्याने काम करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. कंबरदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा येत असेल, ताप असेल, वजन उतरत असेल, तर टेबलाच्या मागे न लागता लवकर तपासणी करून घ्यावी. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेच्या भागात बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, उशीर न करता मोठ्या दवाखान्यात जावे.

ज्यांना असे टेबल करणे जमणार नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. खिडकीच्या उंच कट्ट्यावर वर्तमानपत्र उभ्याने वाचता येते, फोनवर बोलताना फेऱ्या मारता येतात आणि ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवता येते. मात्र आजच घरात एक काम करा. मोजायची टेप काढा आणि घरात सर्वांत जास्त वेळ उभे कोण असते ते आधी पाहा. पहिले माप त्या माणसाचे घ्या.